रॉकेटची काजळी आणि कंपनीचा शब्द

चि. सायलीस,


खासगी रॉकेट कंपनीत नोकरी धरायची तू ठरवलंस, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला, खुशाल जा. पण या कंपन्यांचं हवामानाबद्दलचं बोलणं पारखायला आधी शीक. त्यासाठी सगळ्यांत मोठ्या स्पेसएक्सकडे बघू.

तिच्या फाल्कन ९ मध्ये शुद्ध केलेलं रॉकेल जळतं. एका उड्डाणाला शंभर टनांहून जास्त लागतं, आणि टनामागे साधारण तीन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. २०२४ मध्ये फाल्कनची उड्डाणं १३० च्या वर गेली. जगभरची विमानं वर्षाला ८० कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यापुढे रॉकेटांचा आकडा किरकोळ ठरतो. उद्योगाची बाजू मांडणारे बहुतेक जण इथंच थांबतात. तू थांबू नकोस.

परत उतरलेल्या फाल्कनचा फोटो मोठा करून बघ. पहिल्या उड्डाणाला जाताना पांढराशुभ्र असलेला खालचा टप्पा काळवंडून आलेला असतो. उतरताना इंजिनं पुन्हा पेटतात आणि तो आपल्याच धुरातून खाली येतो, त्याची ती काजळी. फाल्कनच्या मर्लिन इंजिनाचे पंप फिरवणारा छोटा ज्वलनकक्ष मुद्दाम जास्त इंधन आणि कमी ऑक्सिजनवर चालवतात, नाहीतर टर्बाइनची पाती उष्णतेत टिकणार नाहीत. त्यामुळे काजळी आणखी वाढते. चुलीचा धूर पावसाबरोबर खाली येतो. पण रॉकेट ज्यातून जातं त्या वरच्या थरात, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, पाऊसच नाही. तिथं काजळी वर्षानुवर्षं तरंगते आणि ऊन शोषते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एलॉइस मरे आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हिशेब मांडला: वजनाला वजन धरलं, तर रॉकेटची काजळी जमिनीवरच्या आणि विमानांच्या काजळीपेक्षा सुमारे ५०० पट जास्त तापवते. म्हणून कार्बनचे टन मोजून दिलेला निर्वाळा या धंद्यात अपुरा आहे.

आता दिलेले शब्द. जानेवारी २०२१ मध्ये स्पेसएक्सचे प्रमुख इलॉन मस्क यांनी कार्बन शोषणाच्या उत्तम तंत्रासाठी १० कोटी डॉलर जाहीर केले. एक्सप्राइझ संस्थेनं ती स्पर्धा घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये ५ कोटींचं पहिलं बक्षीस माती कार्बनला मिळालं. माती कार्बनची पद्धत अशी: भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या रानात बेसॉल्टची भुकटी पसरायची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जातीचा काळा दगड. पावसाचं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या भुकटीशी मिळून बायकार्बोनेट होतं, आणि कार्बन अडकून राहतो. काम मोलाचं आहे. मात्र पैसा मस्क यांच्या प्रतिष्ठानाचा होता. कंपनीच्या धुराच्या खात्यात तो जमा धरता येत नाही, आणि असं धरलेलं दिसलं की सावध हो.

डिसेंबर २०२१ मध्ये मस्क यांनी दुसरी घोषणा केली: हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून त्याचंच इंधन करण्याचा कार्यक्रम स्पेसएक्स सुरू करत आहे. रसायनशास्त्र खरं आहे. साबातिये अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन मिळतो, आणि कंपनीचं नवं रॉकेट स्टारशिप मिथेनवरच उडतं. पण एका उड्डाणाला सुमारे हजार टन मिथेन लागतो. तेवढ्यासाठी पाणी फोडून हायड्रोजन काढायला किती वीज लागेल, ती कुठून येईल, याचं गणित तू स्वतः कागदावर करून बघ. आज हा मिथेन नैसर्गिक वायूतून येतो. त्याची काजळी रॉकेलपेक्षा खूप कमी, हा मोठा फायदा. मात्र न जळता निसटला, तर २० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो.

दोन्ही घोषणांत कंपनी स्वतःचा धूर किती टनांनी, कोणत्या वर्षापर्यंत कमी करणार आणि ते तपासणार कोण, हे नाही. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा केला: तिथं व्यवसाय करणाऱ्या आणि वर्षाला १०० कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या, खासगीसुद्धा, कंपन्यांनी उत्सर्जन जाहीर करायचं. घोषणांपेक्षा मला असे कायदे जास्त भरवशाचे वाटतात.

तू हैदराबादला किंवा चेन्नईला मुलाखतीला जाशील. हैदराबादच्या स्कायरूटच्या विक्रम-१ रॉकेटचे खालचे टप्पे घन इंधनाचे आहेत. तिथं त्यांच्या धुरातल्या क्लोरीन आणि ॲल्युमिनाच्या कणांबद्दल विचार, कारण प्रश्न ओझोनचा आहे. चेन्नईच्या अग्निकुलचं इंजिन विमानाच्या रॉकेलवर चालतं. तिथं काजळीची मोजणी चाचणीच्या वेळी होते का, हे विचार. होत नसेल, तर ते काम अंगावर घेण्याची तयारी दाखव. इंजिनाच्या तुकडीतल्या माणसालाच ते करता येतं.

तुझी,
मावशी