अंजिराचे फाटे कलम आणि पहिला हिवाळा

भुसावळनजीकचे दीपनगर औष्णिक वीजकेंद्रामुळे सर्वत्र परिचित आहे; परंतु त्याच्या आसपासचा तापीकाठचा मुलूख मुख्यतः कापूस व केळीचा होय. येथील उन्हाळा कडक, तसा हिवाळाही बोचरा असतो. डिसेंबर-जानेवारीत थंड वारे सुटून पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला म्हणजे केळीची वाढ खुंटते, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो. अंजीर हे केळीपेक्षा काटक झाड आहे. तथापि त्याचे कोवळे रोप पहिल्या हिवाळ्यात दगावण्याचा संभव असतो. आणि पाने झडलेले जिवंत रोप मेले असे समजून उपटले जाण्याचीही भीती असते. थोडी दक्षता घेतल्यास हे दोन्ही प्रकारचे नुकसान टळते.

फाटे कलम कशासाठी?

महाराष्ट्रात अंजिराची लागवड मुख्यतः पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात होते. तेथील अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या भागातील पूना जातीचे फळ परागीकरणावाचून धरते. त्यामुळे त्यातील बी पोकळ असते व उगवत नाही. म्हणून नवीन झाड फांदीपासूनच तयार करावे लागते. वड, पिंपळ व उंबर यांच्याच कुळातील हे झाड असल्याने त्याच्या फांदीस मुळ्या सहज फुटतात, आणि मातृवृक्षाचे सर्व गुण नव्या झाडात उतरतात.

फाट्यांची निवड व लावणी

भरपूर व गोड फळे देणारे निरोगी झाड निवडावे. जानेवारीअखेर थंडी ओसरू लागताच त्याच्या सुमारे एक वर्ष वयाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांद्यांचे २० ते २५ सेंटीमीटर लांबीचे फाटे करावेत. प्रत्येक फाट्यावर चार ते सहा डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत सरळ व वरचा काप डोळ्यापासून थोडा वर तिरपा घ्यावा. म्हणजे लावताना फाटा उलटा होत नाही. कापातून निघणारा चीक वाळेपर्यंत फाटे सावलीत ठेवावेत. चिकाने कातडीची आग होते, यास्तव काम होताच हात धुवावेत.

माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून भोके पाडलेल्या पिशव्या भराव्यात. फाट्याचे दोन-तृतीयांश अंग मातीत जाईल व एक-दोन डोळे वर राहतील अशा बेताने तो रोवून भोवतालची माती दाबावी. माती ओलसर ठेवावी, पण चिखल होऊ देऊ नये. उन्हाळ्यात पिशव्यांवर मांडव घालावा.

पाऊस स्थिरावल्यावर जुलैत, पाण्याचा निचरा होणाऱ्या जागी, ५ मीटर अंतरावर रोपे लावावीत. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळ्या कुजतात. खोलगट जागाही टाळावी; कारण रात्री थंड हवा तेथे साचते. जुलैत लावलेल्या रोपाचे खोड डिसेंबरपर्यंत बरेचसे पक्व होते. उशिरा लावलेले रोप कोवळेच थंडीत सापडते.

थंडीपासून संरक्षण

१. सप्टेंबरनंतर नत्रयुक्त खत देऊ नये. त्याने कोवळी फूट येते व तीच प्रथम करपते.

२. खोडाभोवती उसाचे पाचट किंवा केळीची वाळलेली पाने पसरावीत. मात्र ती खोडास चिकटू देऊ नयेत.

३. उत्तरेच्या बाजूस पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा आडोसा करावा. दक्षिणेची बाजू उन्हासाठी मोकळी ठेवावी.

४. थंडीची लाट येण्याचा इशारा मिळताच सायंकाळी विहिरीचे हलके पाणी द्यावे. ओलसर जमीन दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते.

५. अतिशीत रात्री लहान रोपांवर काठ्यांच्या आधाराने गोणपाट घालावे व सकाळी ऊन पडताच काढावे.

उपटण्यापूर्वी परीक्षा

हिवाळ्यात पाने झडणे हा अंजिराचा स्वभावच आहे. रोप उघडे दिसले तरी घाई करू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवा ओलावा दिसल्यास रोप जिवंत आहे. शेंड्याकडील भाग तपकिरी व कोरडा असल्यास क्रमाक्रमाने खाली खरवडत जावे. मेलेला भाग लगेच कापू नये. थंडी पूर्ण सरल्यावर जिवंत डोळ्याच्या वर काप घ्यावा.

वरचे सर्व खोड वाळले तरी आशा सोडू नये. डोळे बांधलेल्या आंब्याच्या कलमात जोडाखालून येणारी फूट रायवळ निघते. परंतु फाटे कलमाचे अंजीर स्वतःच्याच मुळांवर उभे असते. म्हणून त्याच्या बुडातून येणारी फूट मूळ जातीचीच असते. त्यांतील एक जोमदार फूट राखून बाकीच्या काढाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जानेवारीत शेतभेटीच्या वेळी ही परीक्षा शेतकऱ्यांसमक्ष एका रोपावर करून दाखवावी. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत धीर धरल्यास वर्षभराची मेहनत वाया जाणार नाही.