लीळा : ळकारविचार

'लीळा' या एका शब्दात 'ल' व 'ळ' दोन्ही वर्ण आहेत. संस्कृतातील शब्दारंभीचा 'ल' मराठीत तसाच राहतो. दोन स्वरांमधील एकेरी 'ल' मात्र 'ळ' होतो. जसे फल : फळ, मूल : मूळ, तसे लीला : लीळा. सर्वज्ञांच्या वास्तव्याने पुनीत झालेले, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळ याच न्यायाने एलापूरचे एळापूर झाले. जोड 'ल्ल' असता 'ल'च उरतो : गल्ल : गाल. म्हणूनच प्राकृत 'कल्ल'पासून 'काल' म्हणजे गतदिवस, आणि संस्कृत 'काल'पासून 'काळ' म्हणजे समय. वर्ण पालटताच अर्थ पालटतो. यास्तव पोथी उतरताना 'लीळा'चे 'लीला' करणे ही शुद्धी नव्हे. म्हाइंभटांनी जतन केलेल्या श्रीमुखीच्या मराठीस अंतरणे होय.