घाबरवणारी चित्रफीत पाहून गुटखा सुटतो का?

सिनेमा सुरू होण्याआधी दाखवली जाणारी मुकेशची चित्रफीत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. भुसावळकडचा हा तरुण तोंडाच्या कॅन्सरने 2009 मध्ये, अवघ्या 24व्या वर्षी गेला. 2 ऑक्टोबर 2012 पासून अशा चित्रफिती थिएटरात दाखवणे सक्तीचे झाले.

पहिल्यांदा पाहणारा हादरतो. दहाव्यांदा पाहणारी पोरे मात्र त्याच्या आवाजाची नक्कल करून हसतात आणि मध्यंतरात टपरीवर जाऊन पुडी फोडतात. ती निर्दय नसतात. खूप भीती दाखवली आणि सुटकेची वाट दाखवली नाही, तर माणूस मान फिरवतो, थट्टा करतो, नाहीतर म्हणतो, "आमचा आजा ऐंशीपर्यंत तंबाखू मळत होता, त्याला काय झालं?"

1953 साली अमेरिकेत जॅनिस आणि फेशबॅक यांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर चित्रांसह व्याख्याने दिली. काहींना किडलेल्या दातांची, सडलेल्या हिरड्यांची भयंकर चित्रे दाखवली. काहींना साधेपणाने सांगितले. घाबरली पहिली मुले, पण सवय जास्त बदलली ती दुसऱ्यांनी. पुढच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट कळली: भीतीसोबत जमेल असा उपाय सांगितला, तर भीतीही कामी येते.

पुडी विकणाऱ्यांना हे मर्म आपल्यापेक्षा चांगले कळते. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी वेलची आणि पानमसाल्याच्या जाहिरातींत मोठमोठे नट दिसतातच. तिथे भीती नाही, रुबाब आहे. जाहिरात पाहताना स्वतःला विचारावे: हा मला काय वाटायला लावतो आहे, आणि पैसा कोणाच्या खिशात जातो आहे?

बाबासाहेबांची रीत वेगळी होती. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो स्त्रियांसमोर ते स्वच्छतेवर, व्यसनांपासून दूर राहण्यावर, मुलांच्या शिक्षणावर आणि लग्नाची घाई न करण्यावर बोलले. स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजतो, असे सांगून त्यांनी ऐकणारीला आधी मोठे केले, मग काम दिले. गाडगेबाबा तर कीर्तनात प्रश्नच विचारीत. उत्तर लोकांच्या तोंडून आले की ते लोकांचे स्वतःचे होई. विहारात आरोग्याची चित्रफीत लावली, तर ती संपताच पडदा गुंडाळू नका. "सोडायला काय अडतं?" एवढे विचारा आणि गप्प बसून ऐका. उपदेश करणाराच खिशात पुडी ठेवत असेल, तर मात्र सगळे वाया!

आता मुकेशच्या चित्रफितीत न येणारा भाग. आरशासमोर तोंड उघडून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखटाने होणारी आग, उभी तीन बोटे तोंडात न मावणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला बहुधा दुखत नाही. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय आहे, लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनीही तपासून घ्यावे; मिश्री तंबाखूचीच असते. सोडण्यासाठी मदत हवी असेल, तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.