तिथी पाहा, मग पोहा

रत्नागिरीत भाट्याला पोहायला जाणाऱ्यांना मी आधी तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढचे सुमारे सहा तास ओहोटी. तेव्हा काजळी नदीच्या मुखाशी पाणी समुद्राकडे ओढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ही ओढ आवरत नाही. ओढले गेल्यास प्रवाहाशी झुंजू नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करून हाका मारा, जमेल तसे किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या.

बुडालेल्याचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये (ही आपल्याकडची जुनी खोड!). श्वास थांबला असल्यास लगेच तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबावी. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.