व्याख्यानाचे ध्वनिचित्रमुद्रण

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी इन्सॅट-१बी या उपग्रहाच्या साहाय्याने उच्च शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केले. त्यासाठी पुणे, अहमदाबाद, दिल्ली, हैदराबाद यांसारख्या शहरांतील शिक्षणसंस्थांत निर्मितिकेंद्रे उभी राहिली. लहान गावातील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यापर्यंत चांगला अध्यापक पोहोचावा, हा त्यामागील हेतू होता. वर्गातील विद्यार्थी न कळलेले वाक्य पुन्हा विचारू शकतो. पडद्यासमोरच्या विद्यार्थ्याला ती सोय नसते. म्हणून मुद्रणात शब्द स्पष्ट उमटणे ही पहिली गरज होय. चित्र थोडे अंधूक असले तरी व्याख्यान समजते. आवाज अस्पष्ट असेल, तर उत्तम चित्रही निरुपयोगी ठरते.

आवाज बिघडण्याचे मुख्य कारण यंत्र नसून बहुधा खोली असते. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाने शोध घेतला, तेव्हा उच्चारलेला ध्वनी तेथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहतो, असे आढळले. एक शब्द विरण्यापूर्वीच पुढचे अनेक शब्द त्यात मिसळत. सॅबाइनने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि त्यांच्या संख्येनुसार घुमण्याचा काळ कसा घटतो, ते मोजले. मऊ वस्तू ध्वनी शोषून घेतात. उघड्या भिंती व फरशी तो परतवतात.

दुसरी बाब अंतराची. मायक्रोफोन वक्त्यापासून दुप्पट अंतरावर नेला, की थेट पोहोचणाऱ्या ध्वनीची तीव्रता एकचतुर्थांश होते. भिंतींवरून परतणारा ध्वनी मात्र खोलीत जवळजवळ सर्वत्र सारखाच असतो. त्यामुळे दूरच्या मायक्रोफोनचा आवाज वाढविल्यास शब्दांबरोबर घुमणेही वाढते. यावर उपाय एकच : मायक्रोफोन वक्त्याच्या छातीशी, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. भिंतींवर जाड पडदे सोडावेत, जमिनीवर सतरंजी अंथरावी आणि पंखे बंद ठेवावेत.

मुद्रणाची पातळी अशी ठेवावी, की वक्त्याचा आवाज चढला तरी ती कमाल मर्यादेच्या बरीच खाली राहील. मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज नंतर पूर्ववत करता येत नाही. आरंभी अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ते श्रवणयंत्र कानाला लावून ऐकावे. सवयीच्या कानांना न जाणवणारी पंख्याची घरघर अशा वेळी ध्यानात येते.

चित्राच्या बाबतीत प्रकाश वक्त्याच्या समोरून, किंचित बाजूने असावा. मागे उघडी खिडकी असल्यास चेहरा काळवंडतो. फळ्यावरील मजकूर विद्यार्थ्याला उतरवून घेता येईल, इतका वेळ पडद्यावर राहू द्यावा.

२०१७ पासून 'स्वयम्' या व्यासपीठावरून विद्यापीठांचे अभ्यासक्रम महाजालावर उपलब्ध झाले, आणि आज मुद्रणाचे साधन अध्यापकाच्या खिशातही असते. तथापि भिंती आणि अंतर यांचे नियम बदललेले नाहीत. दूरच्या विद्यार्थ्याला व्याख्यान कळेल की नाही, हे अजूनही त्यांवरच अवलंबून आहे.