डोळा आणि वही

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे. तिथे एका काकांचे किराणा दुकान आहे. दुकान पुढे, घर मागे. काकांनी घराला आणि दुकानाला मिळून चार कॅमेरे बसवले. भिंतीवर पडदा लावला. पडद्यावर अंगण दिसे, गल्ली दिसे, दुकानाची पायरी दिसे. गावातली माणसे कौतुकाने बघून जात.

एके रात्री अंगणातली मोटारसायकल चोरीला गेली. सकाळी काका पडद्यापुढे बसले. मुलाला म्हणाले, "बाळा, काल रात्रीचं काढ बघू."

मुलाने बटणे दाबली. पण रात्रीचे काहीच निघाले नाही. रेकॉर्डिंग साठवणारी हार्ड डिस्क दोन महिन्यांपूर्वीच बंद पडली होती. पडद्यावर चित्र तर रोज दिसत होते. मग शंका येणार कुणाला?

त्या आठवड्यात आम्ही त्या गावात होतो. काका आम्हाला म्हणाले, "कॉम्प्युटरवर पण रेकॉर्डिंग राहतं म्हणे. मग कुठला घ्यायचा? जास्त पैसे नाहीत आपल्याकडं."

काकांना आम्ही जे सांगितले तेच इथे लिहीत आहोत.

पाहणे वेगळे, जपणे वेगळे

कॅमेरा हा डोळा आहे. डोळा पाहतो, पण जपून ठेवत नाही. जपून ठेवायला वही लागते. उधारी तोंडी ठेवली तर भांडण होते. वहीत लिहिली तर हिशेब राहतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. हार्ड डिस्क ही त्याची वही.

ही गोष्ट एका मोटारसायकलीपुरती नाही. 2024 च्या ऑगस्ट महिन्यात बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. 20 ऑगस्टला हजारो लोक रस्त्यावर आले. ते रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या बंद पडल्या. शाळेच्या कॅमेऱ्यांचे 15 दिवसांचे रेकॉर्डिंग मिळत नाही, असे त्या वेळच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. सरकारने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले. आठवड्यातून निदान तीन वेळा रेकॉर्डिंग तपासा, असेही बजावले.

म्हणजे सरकारलाही हेच सांगावे लागले. नुसता कॅमेरा पुरत नाही. वही उघडून बघावी लागते.

वही तीन तऱ्हेची

पहिली तऱ्हा म्हणजे कॅमेऱ्यातच बसणारे छोटे कार्ड. हे स्वस्त आहे. पण चोराने कॅमेरा उपटून नेला, तर वहीही गेली.

दुसरी तऱ्हा म्हणजे रेकॉर्डिंगची पेटी. तिला डीव्हीआर किंवा एनव्हीआर म्हणतात. ही वापरायला सोपी. तीन-चार कॅमेरे एकाच कंपनीचे असतील, तर बहुतेक घरांना हीच पुरे.

तिसरी तऱ्हा म्हणजे कॉम्प्युटर. कॅमेरे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, पुढे आणखी बसवायचे असतील, तर कॉम्प्युटर सोयीचा पडतो. मात्र कॅमेरे नेटवर्कचे, म्हणजे आयपी जातीचे हवेत. त्यांवर 'ऑनव्हिफ' हे नाव आहे का ते बघा. ती कॅमेऱ्यांची सामाईक भाषा आहे. ती येत असेल तर एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्याच्या यंत्राशी बोलू शकतो.

काकांकडे दोन कंपन्यांचे आयपी कॅमेरे होते. म्हणून आम्ही कॉम्प्युटरचा विचार केला.

पैसे कुठे घालावे?

दुकानदार विचारतो, "भारीतला देऊ का?" घाईने हो म्हणू नका. आयपी कॅमेरा आपले चित्र आपणच दाबून लहान करून पाठवतो. कॉम्प्युटरने ते फक्त डिस्कवर उतरवायचे असते. एवढ्या कामाला भारी मेंदू लागत नाही. चित्र तपासून "माणूस आला" असे कॉम्प्युटरने सांगावे, अशी इच्छा असेल तरच मेंदू तेज हवा.

मुंबईच्या कचेऱ्या ठरावीक वर्षांनी कॉम्प्युटर बदलतात. जुने यंत्र साफसूफ होऊन पुन्हा विक्रीला येते. उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण या बाजूला असा माल विकणारी दुकाने आहेत. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर ही त्यांतली नेहमीची नावे. चार कॅमेऱ्यांना असा कचेरीतला जुना कॉम्प्युटर पुरतो. 8 जीबी मेमरी असली की झाले.

एक गोष्ट विचारून घ्या. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. म्हणून इंटेलचा मेंदू असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा घ्यावा. त्यावर विंडोज 11 चालते. त्याहून जुना असेल तर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालता येते. पण ती जाणणारा माणूस जवळ हवा.

खोक्याचा आकारही पाहा. अगदी पुस्तकाएवढ्या खोक्यात मोठी हार्ड डिस्क आत बसत नाही. मध्यम आकाराच्या बहुतेक खोक्यांत बसते. दुकानदाराला झाकण उघडून जागा दाखवायला सांगा. त्यात लाज कसली? बैल घेताना आपण दात बघतोच की.

आता मुख्य नियम ऐका. कॉम्प्युटर जुना चालेल, हार्ड डिस्क मात्र नवीच घ्या. रात्रंदिवस झिजते ती तीच. कॅमेऱ्यांच्या कामासाठी वेगळी बनवलेली डिस्क मिळते, ती मागा. पक्के बिल घ्या आणि हमी किती वर्षांची ते बिलावर लिहून घ्या.

दिवसांचा हिशेब

डिस्क केवढी घ्यावी? हा साधा गुणाकार-भागाकार आहे. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला 2 मेगाबिट ठेवला, तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे 22 जीबी जागा खातो.

4 कॅमेरे × 22 = 88 जीबी रोज.
1 टीबी म्हणजे 1000 जीबी. ती सुमारे 11 दिवस पुरते.
2 टीबी सुमारे 22 दिवस.
4 टीबी सुमारे 45 दिवस.

डिस्क भरली की यंत्र सर्वांत जुने पुसते आणि त्यावर नवे लिहिते. गणपतीला तुम्ही गावी गेलात, दहा दिवसांनी परत आलात, आणि चोरी पहिल्याच रात्री झालेली असली, तर? 1 टीबीवर ते जेमतेम सापडेल. दोन दिवस उशीर झाला तर तेही नाही. म्हणून महिनाभराची सोय असावी.

फुकटचा कॉम्प्युटर महाग पडतो

काकांच्या भाच्याने आपला जुना मोठा कॉम्प्युटर फुकट देऊ केला होता. काका खूश झाले. आम्ही म्हटले, "काका, आधी विजेचा हिशेब करू."

हे यंत्र 24 तास चालते. मोठा जुना कॉम्प्युटर 100 वॅट खात असेल, तर महिन्याला 72 युनिट होतात. मध्यम खोके 25 वॅट खात असेल, तर 18 युनिट. युनिटला 8 रुपये धरले, तर एकाचे 576 रुपये आणि दुसऱ्याचे 144 रुपये. फरक महिन्याला 432 रुपयांचा. वर्षाला झाले 5,184 रुपये!

काका म्हणाले, "म्हंजे भाच्याचं फुकट आन् आमचं दिवाळं!"

म्हणून कॉम्प्युटरच्या किमतीत तीन वर्षांची वीज मिळवा. मगच कोणता स्वस्त ते ठरवा.

पाणी, वीज आणि कुलूप

आपल्या भागाला उल्हास नदीचा पूर माहीत आहे. 26 जुलै 2005 कुणी विसरलेले नाही. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. म्हणून कॉम्प्युटर जमिनीवर ठेवू नका. उंच, हवेशीर आणि आल्यागेल्याच्या नजरेस न पडणाऱ्या जागी ठेवा.

वीज जाते तेव्हा कॉम्प्युटर बंद पडतो. त्याला छोटा यूपीएस जोडा. कॅमेऱ्यांना आणि त्यांची जोडणी करणाऱ्या पेटीलाही वीज मिळत राहायला हवी. वीज आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, अशी सोय दुकानदाराकडून करून घ्या. पोराबाळांना खेळायला हा कॉम्प्युटर देऊ नका. खेळ संपला की ती तो बंद करतात.

यंत्राबरोबर आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. 2016 साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि पेट्या ताब्यात घेतल्या. कारण त्यांच्या मालकांनी कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवला होता. नवे कुलूप आणून किल्ली दाराला लटकवून ठेवावी, तशातली ही गत.

आणखी एक. कॅमेऱ्याचे तोंड आपल्या दाराकडे असावे. शेजारणीच्या न्हाणीघराकडे किंवा तिच्या ओटीवर नसावे. आपल्या रक्षणासाठी दुसऱ्याची अब्रू उघडी पडू नये.

शेवटी काय झाले?

काकांनी तीन दुकाने हिंडून मध्यम खोके घेतले. त्यात 4 टीबीची नवी डिस्क टाकली. मोटारसायकल काही परत आली नाही. पण कालनिर्णयावर आता दर सोमवारी एक खूण असते. काकी साक्षरता वर्गात लिहायला शिकल्या आहेत. दर सोमवारी त्या कालच्या रात्रीचे रेकॉर्डिंग उघडतात, घड्याळ बरोबर आहे का पाहतात, आणि स्वतःच्या हाताने लिहितात: "पाहिले. ठीक."

लक्षात ठेवा

1. पडद्यावर चित्र दिसते म्हणजे रेकॉर्डिंग होते असे नाही.
2. कॉम्प्युटर जुना चालेल, डिस्क नवी हवी.
3. आठवड्यातून एकदा तरी मागचे रेकॉर्डिंग उघडून पाहा.
4. काही घडले तर रेकॉर्डिंग लगेच पेन ड्राइव्हवर उतरवा. मूळ पुसू नका. पोलिसांना कळवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे कोर्टात असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. ते कसे द्यायचे हे पोलिसांना विचारा.

करून पाहा

1. तुमच्या घरी 3 कॅमेरे आहेत. एक कॅमेरा रोज 22 जीबी जागा घेतो. 2 टीबीची डिस्क किती दिवस पुरेल?
2. 50 वॅटचे यंत्र 24 तास चालले, तर 30 दिवसांत किती युनिट होतील?
3. तुमच्या गावच्या शाळेत कॅमेरे आहेत का? त्यांचे रेकॉर्डिंग कोण तपासते? मुख्याध्यापकांना भेटून विचारा आणि उत्तर वहीत लिहा.