संगणकाची सुरुवातीची फाइल बिघडली तर

लिनक्सच्या संगणकावर बिले व उधारी ठेवणाऱ्या बांधवांनी एक फाइल ओळखून ठेवावी. तिचे नाव ‘.बॅशआरसी’. नावाआधी टिंब असल्यामुळे ती साध्या यादीत दिसत नाही. टर्मिनल उघडताच बॅश हा शेल ती वरून खाली वाचतो. हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर काढण्याचा छोटा हुकूम पुष्कळदा संगणकवाला इथेच लिहून देतो.

या फाइलीत एखादे अवतरणचिन्ह मिटवायचे राहिले, तर शेल तिथून पुढचे सोडून देतो. टर्मिनल उघडते, सगळे ठीक भासते. पण खालचा हुकूम तयारच झालेला नसतो. संध्याकाळी नक्कल काढू जावे तर ‘कमांड नॉट फाउंड’. याकडे दुर्लक्ष झाले आणि त्यातच डिस्क गेली, तर उधारीही गेली समजा.

पडद्यावर चुकीच्या ओळीचा आकडा येतो, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘इफ’ने उघडलेला भाग ‘एफआय’ने बंद केला नसेल, तर शेल शेवटपर्यंत शोधत जातो आणि फाइलीच्या अखेरचा आकडा देतो. टाका वर सुटतो, कपडा खाली उसवलेला दिसतो, तसेच हे. म्हणून त्या ओळीपासून वर वर पाहत जावे, आणि शेवटी जे नवीन लिहिले तेथून सुरुवात करावी.

मोबाइलच्या संदेशातून उतरवलेल्या ओळी फार दगा देतात. त्यांतील वाकडी अवतरणचिन्हे शेलला साधी अक्षरे वाटतात. ती खोडून कळफलकावरची सरळ चिन्हे टाकावीत. विंडोजवर तयार केलेल्या फाइलीत ओळीअखेर एक अदृश्य चिन्ह राहते. ते ‘डॉसटूयुनिक्स’ने निघते.

दुरुस्तीआधी फाइलीची प्रत काढावी आणि चालू टर्मिनल बंद करू नये. दुरुस्तीनंतर ‘बॅश -एन .बॅशआरसी’ हा हुकूम इंग्रजी लहान अक्षरांत द्यावा. तो फाइल चालवत नाही, फक्त तपासतो. काहीच उत्तर आले नाही तर व्याकरण बरोबर. मात्र बरोबरच्या चिन्हाभोवती सोडलेली जागा किंवा चौकटी कंसानंतर न सोडलेली जागा त्याला सापडत नाही. त्यासाठी दुसरे टर्मिनल उघडून नक्कल खरोखर काढून पाहावी. टर्मिनल उघडताच बंद होत असेल, तर ‘बॅश --नोआरसी’ने ही फाइल न वाचता शेल सुरू करता येतो.